चार्जरसकट वजन

माझा नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. आर्णीपासून मुकुटबनपर्यंत जिल्ह्यातल्या कितीतरी बाजारांत त्यानं उमेदीची वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासण्यात घालवली. कुणाचं वजन झिजवलेलं, कुणाच्या पारड्याखाली चुंबक, कुणाचं माप तळाला ठोकून उथळ केलेलं. निवृत्त होताना खात्यानं त्याला शाल आणि नारळ दिला आणि अधिकार काढून घेतला. सवय मात्र त्याच्याजवळच राहिली. आता त्याच्या शर्टाच्या खिशात एक लहानसा, हुकाला लटकवायचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. मारेगावच्या बाजारात वांगी घेतली की तो चार पावलं बाजूला जातो, पिशवी हुकाला अडकवतो, आकडा वाचतो, आणि वजन बरोबर निघालं तर जरा खट्टू होतो.

अशा माणसाच्या घरात राहून मी लॅपटॉप घ्यायला निघाले होते.

तो मला कशाला हवा होता ते आधी सांगते. मी मारेगावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात बोलीभाषांचा विषय निघाला. मी फळ्यावर पाती, फूल, बोंड असं कपाशीचं सगळं लिहीत होते आणि मुलांना म्हणाले, तुमच्या घरी याला काय म्हणतात ते सांगा. शेवटच्या बाकावरच्या एका कोलाम मुलीनं तिच्या भाषेतले शब्द सांगितले. मी खडू उचलला, आणि ते मला लिहिता येईनात. तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा चुकीचं लिहिलं. वर्ग हसला. मीही हसले. ती मुलगी तेवढी हसली नाही. म्हणाली, "मॅडम, माह्या आजीले विचारा. तिले समदे येतात."

ही आजी मुकुटबनच्या पलीकडे एका पोडावर राहते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. हा वीस-बावीस घरांचा. मुलीनं मला तिथं नेलं, आजीशी ओळख करून दिली, आणि बारावी झाल्यावर ती स्वतः नर्सिंग शिकायला वर्ध्याला निघून गेली. मी मात्र जात राहिले. बहुतेक रविवारी मारेगावहून वणी, वणीहून मुकुटबन, तिथून ऑटो आणि शेवटी पायी. आजी बोलायची, मी फोनवर तिचा आवाज टिपायची आणि वहीत शब्द लिहायची. दोन वर्षांत फोन भरला, वह्या भरल्या, आणि कोणता शब्द कुठल्या वहीत आहे हे मला सांगता येईना. आजीसमोर बसून तिचंच वाक्य तिला ऐकवावं, थांबवावं, विचारावं आणि तिथल्या तिथं टाइप करावं, एवढीच माझी गरज होती.

आमच्या कॉलेजात संगणक शिकवणारे सर आहेत. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण संगणकाचा विषय निघाला की ते माझ्याशी मोठ्या भावासारखे बोलतात. स्टाफरूममध्ये मी विषय काढला तेव्हा त्यांनी हातातला डबा बंद करून ठेवला.

"मॅडम, दोनच प्रकार आहेत. एक हलका, पातळ, हातात फाईल धरल्यासारखा. दिसायला सुंदर. दुसरा दमदार. तुम्ही दमदार घ्या."

"मला टायपिंग करायचंय आणि आवाज ऐकायचाय," मी म्हणाले.

"ते आज. उद्या तुम्ही व्हिडिओ घ्याल, आवाज साफ कराल, शब्दकोश कराल. संशोधन आहे तुमचं, मॅडम. टायपिंग काय, ऑफिसातला बाबूपण करतो."

त्यांनी ते सहज म्हटलं असेल. पण 'संशोधन' हा शब्द माझ्या कानात शिरला आणि तिथंच बसला. नोकरीच्या इतक्या वर्षांत मला कुणी संशोधक म्हटलं नव्हतं. मी उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक सांगणारी बाई होते, आणि तो फरक परीक्षेनंतर कुणाच्या लक्षात राहत नाही हे मला माहीत होतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात प्रस्तावना लिहायला घेतली होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "ते घेऊन तू दोन बस बदलणार, ऑटोत बसणार आणि पुढं चालणार. हलका घे."

"पण ताकद?"

"तुझी की त्याची?"

यवतमाळच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार तरुण होता, चुणचुणीत होता, आणि आम्हाला काका-काकू म्हणत होता. त्यानं काचेवर दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. हलका राखाडी रंगाचा, ताटाएवढ्या जाडीचा. दुसरा काळा, रुंद, कडेला जाळ्या असलेला. उघडला की त्याची बटणं लाल उजळायची.

"हा बघा, फक्त एक किलो दोनशे ग्रॅम," दुकानदार हलक्यावर हात ठेवून म्हणाला.

झालं. नवऱ्यानं खिशातून काटा काढला. लॅपटॉप एका कापडी पिशवीत घातला, पिशवीचं वजन आधी वेगळं करून घेतलं होतंच, आणि दुकानाच्या मधोमध हात उंच करून उभा राहिला. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. मी पंख्यांच्या जाहिरातीकडे बघत बसले.

"एक किलो दोनशे चाळीस," त्यानं जाहीर केलं. "चाळीस ग्रॅम कुठून आले?"

"काका, स्क्रीनवर प्लास्टिकचा कागद आहे ना."

"काढा तो."

कागद काढला. दोन ग्रॅम कमी झाले.

"आता चार्जर द्या."

"काका, चार्जर कुणी मोजत नाही."

"म्हणून तर द्या म्हणतो."

काळ्याची पाळी आली तेव्हा दुकानदारानं स्वतःहून चार्जर पुढं केला. तो चार्जर पाहून मी जरा दचकले. अर्धी वीट म्हणावी असा होता. लॅपटॉप दोन किलो सहाशे, चार्जर नऊशे. नवऱ्यानं काटा खाली केला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "साडेतीन किलो. आपली मुलगी जन्मली तेव्हा एवढी नव्हती."

मी जवळजवळ हलका घेतलाच होता. तेवढ्यात दुकानदारानं विचारलं, "काकू, तुमचं काम काय असतं?"

"संशोधन," मी म्हणाले.

त्यानं राखाडी लॅपटॉप अलगद बंद करून बाजूला सरकवला. त्या सरकवण्यात माझ्याबद्दल इतका आदर होता की तो पुन्हा पुढं ओढायला माझा हात उठला नाही. काळा घेऊन आम्ही बाहेर पडलो.  बसमध्ये बॅग नवऱ्यानंच मांडीवर घेतली.

सरांनी दोन दिवस तो आपल्याजवळ ठेवून त्यात काय काय घातलं आणि मला सांगितलं, "मॅडम, पूर्ण ताकदीवर लावून दिलाय." ती कमी कशी करायची हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पूर्ण ताकद मिळत असताना कमी कशाला हवी?

थंडीचे दिवस होते. पहिल्या रविवारी वणीच्या स्टँडवर बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेताना मी मनाला समजावलं की सवय होईल. मुकुटबनला उतरल्यावर ऑटोवाल्यानं मदत म्हणून बॅग उचलली आणि विचारलं, "मॅडम, याच्यात बॅटरी हाये काय ट्रॅक्टरची?" पुढचं अंतर मी तीनदा थांबत गेले.

आजी अंगणात सुपात तूर घेऊन बसली होती. तिचं वय तिला माहीत नाही. माझ्या अंदाजानं पंचाहत्तरीच्या पुढं. अंगानं वाळकी, नजर मात्र अशी की सुपातला खडा आणि माणसाच्या बोलण्यातली खोट दोन्ही तिला एकदमच दिसतात. तिची सून, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची आई, पोडावरच्या अंगणवाडीत सेविका आहे. तिनं चटई टाकली, मी लॅपटॉप मांडला, माइक जोडला आणि आजीला सांगितलं, "बोला आता. मागच्या वेळचं ते धान्य साठवायचं."

आजी बोलायला लागली. तीन-चार मिनिटांनी लॅपटॉपचा पंखा सुरू झाला. आधी हळू, मग मोठ्यानं, मग असा की कोंबड्या दूर सरकल्या.

आजी थांबली. "हे काय घरघर करून राह्यलं वो बाई?"

"त्याचा पंखा आहे, आजी. गरम होतो ना तो."

"कायनं गरम होते? बोलून तं मी राह्यली."

सून तोंडाला पदर लावून हसली. आजीनं लॅपटॉपच्या कडेच्या जाळीजवळ हात नेला. ऊन ऊन वारा येत होता. तिनं दुसराही हात तिथं धरला, दोन्ही तळवे शेकले आणि समाधानानं म्हणाली, "पण हे बरं हाये. आता सांगतो मी." आणि त्या दिवशी ती खरंच भरपूर बोलली. बोलता बोलता हात शेकत राहिली. सव्वा तासानं बॅटरी संपली. घरात एक प्लग होता, पण वीज सकाळपासून नव्हती. मी अर्ध्या विटेचा तो चार्जर बॅगेतून बाहेरसुद्धा काढला नाही. तसाच परत आणला.

घरी ऐकून पाहिलं. पंखा उत्तम ऐकू येत होता. त्याच्यामागे कुठंतरी दूर, आटा चक्कीच्या पलीकडून बोलावी तशी आजी होती.

मी सरांकडे गेले. ते खूश झाले. "हेच तर! हे साफ करायला दमदार मशीन लागतं, मॅडम. हलक्यावर झालं नसतं."

"पण हलक्यावर हा आवाजच आला नसता ना?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि कामाला लागले. तासाभरानं पंखा गेला. त्याच्याबरोबर आजीचे स, श, फ, ह असे सगळे वाऱ्याचे उच्चारही गेले. उरलेल्या शब्दांना दात पडल्यासारखे झाले होते. ज्या उच्चारांसाठी मी दोन बस बदलून जात होते तेच नेमके पुसून निघाले.

शहाण्या माणसानं इथं चूक कबूल केली असती. मी आणखी तीन महिने ती बॅग वाहिली. माइक लांब ठेवून पाहिला, लॅपटॉपखाली दोन लाकडी पाट लावून पाहिले, त्याला घरात आणि आम्हाला अंगणात बसवून पाहिलं. नवरा दर रविवारी सकाळी निघताना बॅग काट्याला अडकवायचा आणि काहीही न सुचवता फक्त आकडा सांगायचा. "चार किलो सहाशे." पाण्याची बाटली, वह्या, डबा धरून. मी "बरं" म्हणायची. बॅग त्याच्या हातून घेताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही.

फेब्रुवारीत माझा उजवा खांदा धरला. केस विंचरायला हात वर जाईना. वणीच्या डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला आणि विचारलं, "काही जड उचलता का?"

"पुस्तकं," मी म्हणाले.

नवरा शेजारच्या खुर्चीत बसला होता. खिशातल्या काट्यावर हात ठेवून तो भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिला. आयुष्यभर खोटी वजनं पकडलेल्या या माणसानं हे एक सोडून दिलं.

पुढच्याच आठवड्यात तो एकटाच यवतमाळला गेला आणि संध्याकाळी राखाडी लॅपटॉप घेऊन आला. मी विचारायच्या आत म्हणाला, "माझ्यासाठी आणलाय. बातम्या बघायला. पत्ते खेळायला."

"तुम्ही पत्ते कधी खेळता?"

"आता खेळीन." मग टेबलावर तो ठेवत म्हणाला, "रविवारी मला लागत नाही. हवा असेल तर नेत जा."

चूक कबूल न करता सुटायची अशी वाट दुसऱ्या कुणी मला आजवर काढून दिलेली नाही. त्यानं तो लॅपटॉप आजतागायत बातम्यांसाठी एकदाही उघडलेला नाही.

राखाडी लॅपटॉप घेऊन गेले तो रविवार मला अजून आठवतो. खांद्यावर बॅग आहे की नाही हे दोनदा चाचपून पाहिलं. न थांबता पोडावर पोचले. लॅपटॉप उघडला, सुरू केला, आवाज नाही की गरमी नाही. मी अभिमानानं आजीकडे पाहिलं.

आजी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "हे काय आणलं?"

"नवा आहे. हलका."

तिनं तो एका हातानं उचलला, खालून पाहिला, खाली ठेवला. "थो मोठा कोठी गेला?"

"घरी आहे."

"मंग माहं मागचं बोलणं त्याच्यापाशी, आता हे याच्यापाशी. अर्धी मी तिथं, अर्धी मी इथं. पुरी कोणापाशी हाये?"

मी म्हणाले, "सगळं यात आणता येतं, आजी." आणि म्हणताना मला आठवलं की येत नव्हतं. कारण हलक्याच्या पोटात जागा थोडी होती. सरांच्या सल्ल्यानं मी सगळं ध्वनिमुद्रण जरुरीपेक्षा दहापट मोठ्या प्रतीचं केलं होतं, आणि त्या फायली दमदार यंत्राशिवाय कुठं मावत नव्हत्या. शिवाय माइकची वायर या पातळ कडेत कुठंच जात नव्हती. तो दिवस फोनवर भागवला. निघताना आजी म्हणाली, "त्याले बी आणजो. हात शेकाले बरा होता."

मग हलक्याची सोय करणं सुरू झालं. माइकसाठी एक जोडणी आणली. जागेसाठी बाहेरून लावायची डिस्क आणली. दोन्ही एकदम लागेनात म्हणून चार तोंडांचा एक डबा आणला. डबा लावला की बॅटरी लवकर उतरते म्हणून मोबाईलसारखी फिरती बॅटरी आणली, आणि ती साधी चालेना म्हणून मोठी आणली. या सगळ्यासाठी एक वेगळी पिशवी शिवून घेतली. तिसऱ्या रविवारी नवऱ्यानं बॅग काट्याला अडकवली आणि आकडा वाचून पहिल्यांदाच हसला. "तीन किलो आठशे. हलका."

मी चिडले. म्हणाले, "एवढं वाटतं तर तुम्ही चला ना उचलायला."

तो आत गेला, चपला घालून आला आणि म्हणाला, "काळापण घे. मी उचलतो. आजी मागते म्हणालीस ना?"

अशा रीतीनं, एक लॅपटॉप निवडायला निघालेली मी दोन लॅपटॉप, दोन चार्जर आणि एक निवृत्त निरीक्षक घेऊन मुकुटबनला उतरले.

आजीनं आधी काळ्याची चौकशी केली. तो तिच्याजवळ सुरू करून ठेवला, माइक राखाडीला जोडून तिच्या दुसऱ्या बाजूला, तोंडाजवळ ठेवला, आणि खरं सांगते, इतके महिने खटपट केल्यावर ही जोडी पहिल्यांदा जमली. मोठ्यात मागचं ऐकवायचं, लहान्यात पुढचं घ्यायचं. वसंताचं ऊन चढायला लागलं होतं, हात शेकायचे दिवस संपले होते, तरी आजीचा एक हात जाळीजवळच होता.

नवऱ्याला काय करावं सुचेना. तो सुनेबरोबर अंगणवाडीत गेला आणि मुलांचं वजन करायचा काटा तपासून आला. काटा बिनचूक निघाला. चेहरा पडूनच तो परत आला आणि चटईच्या टोकाला बसला.

आजीनं मला विचारलं, "हे काय करतात तुमचे?"

"वजनमापं तपासायचे. बाजारात फिरून. आता निवृत्त आहेत."

आजीनं सूप खाली ठेवलं. "मापाचा साहेब? मुकुटबनच्या बाजारात येत होता थो?"

"येत होतो," नवरा म्हणाला. "वणीला होतो तेव्हा."

"माहं माप नेलतं एका साहेबानं. मी चारोळी विकाले बसलती. माह्या बापानं बनवून देल्लं लाकडाचं माप. त्याच्यावर शिक्का नाही म्हणे. उचललं आन् गाडीत टाकलं. मी मागं मागं गेली, थो पाह्यला बी नाही."

नवरा थोडा पुढं सरकला. "कोणत्या वर्षी?"

"वर्ष कोणाले माहीत? माही मधली पोर पोटात होती."

सुनेनं मधल्या नणंदेचं वय सांगितलं. नवऱ्याचे ओठ हिशेब करताना हलतात तसे हलले. मला वाटलं आता तो विषय बदलेल. मी असते तर बदलला असता. तो म्हणाला, "आजी, तो साहेब मीच असणार."

आजीनं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "तू नाही. थो जवान होता."

"मीही होतो तेव्हा."

 काळ्याचा पंखा तेवढा घरघरत होता. मग आजी म्हणाली, "मंग माहं माप कोठी हाये?"

"मोडून टाकलं असेल. तसा नियम होता."

"बरोबर होतं थे माप."

"शिक्का नव्हता, आजी."

"शिक्का नव्हता. बरोबर होतं." तिनं सूप परत उचललं आणि त्यातली तूर मुठीत घेतली. "हे पाह्य. ही एक मूठ. अशा किती मुठी म्हणजे काय, थे सांगतो तुले. लिहून घे. तुले बी माहीत पाह्यजे." आणि तिनं मूठ, दोन मुठी, ओंजळ, टोपली, अशी एकेक मोजून तिच्या भाषेतली मापं सांगायला सुरुवात केली. मी दोन वर्षांहून जास्त तिच्यासमोर बसत होते. ही मापं विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. नवरा विचारत होता, अचूक विचारत होता: काठोकाठ की शीग लावून? ओल्या धान्याचं वेगळं की तेच? चारोळीला आणि तुरीला एकच शब्द का? आजीला अशी गिऱ्हाइकी फार दिवसांत मिळाली नसावी. ती त्याला चिडवत होती, दुरुस्त करत होती, आणि तो वर्गातल्या मुलासारखा मान हलवत होता.

मी राखाडीच्या पडद्याकडे पाहिलं. तो वीज वाचवायला केव्हाच झोपी गेला होता. काळ्याकडे पाहिलं, त्याच्यात मागच्या डिसेंबरातली आजी थांबवून ठेवलेली होती, पंख्यासकट. हे सगळं कुठंच टिपलं गेलं नव्हतं. माझा चेहरा पाहून सुनेनं हातातला मोबाईल वर केला. अंगणवाडीच्या कामासाठी मिळालेला, कोपऱ्यातून तडकलेला. "मॅडम, मी घेतलं ना. माप नेलतं म्हणाल्या तिथूनच घेतलं."

परत येताना बसमध्ये दोन्ही बॅगा नवऱ्याच्या मांडीवर होत्या.  वणीचा स्टँड दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "माप बरोबर असू शकतं."

"हो."

"मी तपासलंच नव्हतं. शिक्का बघितला, नव्हता, उचललं."

 त्याला माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं. तो पुढच्या रविवारी आपणहून तयार होऊन बसला, आणि त्याच्या पुढच्याही.

मापांच्या शब्दांची एक लहान पुस्तिका त्या पावसाळ्यात झाली. बत्तीस पानं, मुकुटबनच्या झेरॉक्सच्या दुकानात काढलेली, मधोमध पिना मारलेली. प्रस्तावना मी मनात इतक्या वेळा लिहिली होती की प्रत्यक्षात लिहायचा कंटाळा आला. चार ओळींत आटोपली. कोणत्या लॅपटॉपवर काय केलं हे संगणकाच्या सरांनी आस्थेनं विचारलं. मी त्यांना खरं सांगितलं, की मूळ ध्वनिमुद्रण तडकलेल्या मोबाईलवरचं आहे. त्यांना वाटलं मी विनय दाखवते आहे. ते म्हणाले, "पुढच्या भागाला मात्र मेमरी वाढवून घ्या, मॅडम."

सुनेनं पुस्तिका अंगणवाडीत मुलांना वाचून दाखवायची ठरवली. आम्ही दोघं गेलो होतो. मुलं गोल बसली, पुढ्यात तुरीचे आणि चण्याचे छोटे ढीग. ती शब्द वाचायची, मुलं तेवढी मूठ किंवा ओंजळ भरून दाखवायची, अर्धं खाली सांडायचं. आजी दारात बसली होती. तिला वाचता येत नाही, पण पहिल्या पानावरचा तिसरा शब्द ऐकताच ती दारातून ओरडली, "तसं नाही वो!"

सून थांबली. मी पेन काढलं. आजीनं शब्द पुन्हा सांगितला. मी लिहिलेल्यात आणि तिनं म्हटलेल्यात एवढासा फरक होता, की मला तो तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळला. मुलांना पहिल्यांदाच कळला होता. त्यांनी तो एका सुरात म्हणून दाखवला, माझ्याकडे बघत, मला समजावं म्हणून सावकाश.

तो शब्द मी इथं लिहीत नाही. आजीनं अजून तो पास केलेला नाही. त्या सकाळी तिनं अकरा चुका काढल्या, आणि अजून आम्ही सातव्या पानावरच होतो.